चौदा नंबरची गाय

हेब्बाळच्या तळ्यापासून चार पावलांवर माझ्या घरमालकांचं घर होतं. त्या घरात शिरल्या शिरल्या समोर देवाची तसबीर किंवा आरसा दिसायचा नाही, हजेरीचा फळा दिसायचा. हिरव्या रंगाची फळी, तिच्यावर दोन ओळींत खिळे. वरच्या ओळीशेजारी खडूनं ‘आत’ लिहिलेलं, खालच्या ओळीशेजारी ‘बाहेर’. प्रत्येक भाडेकरूला एक पितळी बिल्ला. घराबाहेर पडताना आपला बिल्ला आपल्या हातानं खालच्या खिळ्यावर लावायचा, परत आल्यावर वरच्या. संध्याकाळी साडेआठला घरमालक फाटकाला कुलूप घालून फळ्यासमोर उभे राहत आणि ज्याचा बिल्ला खाली लटकत असेल त्याला एक लेट लागे. तिसऱ्या लेटला खोली खाली करायची. मी पुण्याहून नोकरीसाठी बंगलोरला आलो होतो आणि आता आपण स्वतंत्र झालो अशी माझी समजूत होती. पहिल्याच दिवशी हातात सात नंबरचा बिल्ला पडला आणि ती समजूत गेली.

घरमालकांना सगळे अण्णा म्हणत आणि त्यांच्या बायकोला अक्का. नवरा अण्णा आणि बायको अक्का, हे नातं माझ्या पुणेरी डोक्यात बसायला बरेच दिवस लागले. त्यांचं घराणं मराठी, पण तीनशे वर्षांमागे घोड्यावर बसून इकडे आलेलं आणि मग परत जायचं राहूनच गेलेलं. घरात मराठी बोलत, पण त्यात कानडी अशी मिसळलेली की ‘स्वल्प थांब’ आणि ‘सरी’ हे शब्द मराठी नाहीत, हे अण्णांना सांगूनही पटायचं नाही. ‘स्वल्प’ म्हणजे थोडं, आणि ‘सरी’ म्हणजे बरं, ठीक. अण्णांच्या तोंडी मात्र ‘सरी’ म्हणजे निकाल लागला, आता पुढे बोलू नकोस.

सारी नोकरी त्यांनी यशवंतपूरच्या एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून काढली होती. फाटकाशी बसायचं, कामगारांचे बिल्ले बघायचे, उशीर झालेल्यांची अर्धी रजा कापायची. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण फाटक काही सुटलं नाही. ते दोन घड्याळं बाळगत, एक मनगटावर, एक खिशात. दोन का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, “एकावर लक्ष कोण ठेवणार रे?” दूधवाला तीन मिनिटं उशिरा आला तर त्याला शिक्षा म्हणून फाटकाबाहेर आणखी तीन मिनिटं उभा करत. त्यामुळे कॉफी सहा मिनिटं उशिरा व्हायची आणि त्या सहा मिनिटांत सगळ्यात जास्त तडफड अण्णांचीच व्हायची. पण सवलत नाही. “घड्याळाला नातेवाईक नसतात,” हे त्यांचं आवडतं वाक्य होतं आणि ते नातेवाइकांसमोर आवर्जून म्हणत.

माझ्या शेजारच्या खोलीत एक नागपूरचा मुलगा राहायचा. दोन लेट त्याच्या नावावर आधीच होते. एकदा तो आईला आणायला स्टेशनवर गेला, गाडीनं दगा दिला आणि माय-लेक नऊ वाजून गेल्यावर फाटकाशी आले. अण्णांनी कुलूप काढलं, माउलीला नमस्कार केला, दोघांना पोटभर जेवू घातलं, अक्कांच्या खोलीत तिची झोपायची सोय केली आणि सकाळी मुलाचा बिल्ला काढून घेतला. नवी खोलीही त्यांनीच बघून दिली. ट्रंक स्वतः उचलून रिक्षात ठेवली, रिक्षावाल्याशी कानडीत भांडून भाडं कमी करवलं आणि रिक्षा वळणापलीकडे जाईपर्यंत हात हलवत उभे राहिले. त्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही की आपल्या मुलाला हाकललंय. जाताना ती मला म्हणाली, “किती देवमाणूस आहे!”

मला राग आला होता. मी अक्कांपाशी जाऊन तणतणलो. अक्का शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, “तुला आत्ता राग आला की. माझा सख्खा भाऊ त्याच कारखान्यात होता. मैतराला उशीर होतोय म्हणून यानं त्याचा बिल्ला लावला. ह्यांनी बघितलं. आठवडाभर घरी बसवला मेव्हण्याला. दिवाळसण होता त्याचा.” कारखान्यात दुसऱ्याचा बिल्ला लावणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. उशीर एकवेळ चालेल, म्हणजे चालणार नाहीच, पण निदान तो उशीर खरा असतो, असं अण्णांचं म्हणणं. दुसऱ्याची हजेरी लावणारा माणूस घड्याळाच्या तोंडावर खोटं बोलतो. तेव्हापासून मेव्हणा या घराची पायरी चढला नव्हता आणि अक्का दर दिवाळीला न चुकता तो विषय काढत.

अण्णा दुसऱ्यांशीच कठोर होते असं मात्र कुणी म्हणू नये. निवृत्तीच्या दिवशीची त्यांची हकीकत हेब्बाळात सगळ्यांना पाठ होती. त्या सकाळी बस बिघडली आणि अण्णा जन्मात पहिल्यांदा उशिरा पोचले. टाइम ऑफिसच्या माणसाला एकाही मिनिटाची सूट नसते. त्यांनी स्वतःचा अर्धा दिवस कापला आणि फाटकाबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. आत मोठे साहेब, हार, पेढे आणि भाषणं तयार. साहेब स्वतः बोलवायला बाहेर आले. अण्णा म्हणाले, “मी आत्ता रजेवर आहे सर. दुपारी येतो.” दुपारपर्यंत हार कोमेजले आणि पेढे कामगारांनी संपवले. अण्णांच्या सत्काराच्या फोटोत त्यांच्या गळ्यात जे आहे ते हार म्हणून ओळखू येत नाही. तो फोटो त्यांनी मोठ्या अभिमानानं बैठकीत लावला होता.

अशा माणसाच्या घरात मी संगणकातली शेती घेऊन आलो.

तेव्हा सगळं बंगलोर सन दोन हजारचा घोळ निस्तरण्यात गढलेलं होतं. आमच्या बरोबरीची मुलं बँकांच्या संगणकांतल्या तारखा दुरुस्त करत होती आणि आम्ही दहा-बारा जण एका बंगल्याच्या गच्चीवरच्या दोन खोल्यांत बसून मुळे पिकवत होतो. एका परदेशी कंपनीसाठी आम्ही संगणकावरचा खेळ तयार करत होतो. पडद्यावर एक छोटा शेतकरी, त्याचं खोपट, वाफे, विहीर आणि एक गाय. पेरायचं, पाणी घालायचं, धार काढायची, बाजारात विकायचं, संध्याकाळी झोपायचं. कोपऱ्यात घड्याळ आणि त्याच्याखाली एक हिरवी पट्टी. ती शेतकऱ्याची ताकद. काम केलं की पट्टी कमी होते, झोपला की भरते. डोक्याला ताप नको, घटकाभर निवांत वाटावं, असा हा खेळ, असं त्या कंपनीनं लिहून दिलं होतं. एकदा आमच्या बॉसनं हुकूम सोडला की ज्यानं उभ्या आयुष्यात असला खेळ बघितलेला नाही असा माणूस शोधा, त्याला खेळवा आणि तो काय म्हणतो ते मला सांगा. माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस उभा राहिला.

संगणक रिक्षातून घरी आणला तेव्हा अण्णांनी तो बाहेरचा माणूस तपासावा तसा तपासला. खेळात त्यांना रस नव्हता. “पोरांचं काम,” म्हणाले. मग त्यांचं लक्ष पडद्यावरच्या घड्याळाकडे गेलं.

“हे बरोबर चालतं का रे?”

“खेळातलं आहे अण्णा. त्याची वेळ वेगळी.”

“वेगळी असू दे. बरोबर चालतं का?”

चालतं म्हणालो आणि अण्णा खुर्चीवर बसले ते दीड महिना उठले नाहीत. म्हणजे जेवायला, पूजेला उठायचे, पण मन पडद्यात. सकाळी अंघोळ करून, गंध लावून, इस्त्रीचा शर्ट घालून कामावर गेल्यासारखे येऊन बसायचे. आमच्या खेळात गाईला नाव द्यायची सोय होती. लोकांनी गाईला लाडाचं नाव ठेवावं असा आमचा विचार. अण्णांनी तिला नंबर दिला, चौदा. “नाव ठेवलं की माया लागते. नंबर बरा,” असं त्यांचं स्पष्टीकरण. पुढे रोज सकाळी अक्कांना आतून हाक यायची, “अगे, चौदा नंबरनं आज जास्त दूध दिलं बघ!” आणि अक्का स्वयंपाकघरातून म्हणायच्या, “मग इकडं पाठवा की स्वल्प, कॉफीला.”

माया लागत नाही म्हणणारा हा माणूस पाऊस आला की गाय गोठ्यात आहे ना हे आधी बघायचा. मी कधी गंमत म्हणून ती गाय उन्हात उभी केली तर माझ्या हातावर फटका बसायचा. त्या दिवसांत अण्णांच्या परसातला खरा कढीपत्ता पाण्यावाचून वाळून काटकी झाला. अक्का म्हणाल्या, “ह्याला पण त्या डब्यात लाव. म्हंजे पाणी मिळेल.”

एका सुटीच्या सकाळी मी शेजारी बसलो होतो. खेळात हंगामाचा शेवटचा दिवस. उद्या थंडी पडणार आणि शेतातले मुळे जाणार. अण्णांचा शेतकरी पहाटेपासून मुळे उपटत होता. खेळातली संध्याकाळ झाली, हिरवी पट्टी पिवळी झाली, मग लाल.

“अण्णा, झोपवा त्याला.”

“स्वल्प थांब. दोन ओळी राहिल्यात.”

“अण्णा, पट्टी संपत आलीय.”

“ओव्हरटाइम करतोय तो. माझ्या कारखान्यात लोक सलग दोन शिफ्ट करत होते.”

शेतकरी एक मुळा उपटायला वाकला आणि तसाच आडवा झाला. पडदा काळा झाला. अण्णांनी आधी वर दिव्याकडे बघितलं, दिवा चालू होता. “करंट आहे की,” म्हणाले. मग पडदा उजळला. खोपट नव्हतं, विहीर नव्हती, वाफे नव्हते. सगळीकडे दगड आणि गवत. मधोमध एक नवा शेतकरी रिकाम्या हातांनी उभा.

“एन आय्तु?” अण्णांनी विचारलं. काय झालं?

“मेला अण्णा तो. आता पहिल्यापासून सुरुवात.”

“मेला? बरं, मेला.” ते पडद्याच्या चारी कोपऱ्यांत शोधू लागले. “चौदा नंबर कुठं आहे?”

मी उगाच माउस सरळ करून ठेवला.

“अरे गाय कुठं आहे?”

“तीही गेली अण्णा. शेतकरी मेला की सगळंच जातं. नियमच आहे तसा.”

हे मी त्यांनाच, त्यांच्याच खुर्चीशेजारी बसून म्हणतोय, याची मला आत गुदगुल्या होऊन जाणीव होत होती. नागपूरकराचा सूड उगवल्यासारखं वाटलं. पण अण्णांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझं हसू तिथंच विरलं. म्हातारा खरोखर पांढरा पडला होता. ते उठले, परसात जाऊन वाळक्या कढीपत्त्यासमोर उभे राहिले आणि जेवायला आले नाहीत. अक्कांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “आपल्याला सुतक धरायचं असतं का रे ह्याचं?”

दुपारनंतर ते माझ्या खोलीच्या दारात आले. बसले नाहीत. एखाद्या चौकशी अधिकाऱ्यासारखे उभ्यानंच बोलू लागले.

“हा खेळ आरामाचा म्हणाला होतास ना?”

“हो.”

“ह्यात आराम कुठं आहे? माणूस जरा जास्त राबला म्हणून फाशी? मी पण लोकांना शिक्षा केली. सगळा जन्म तेच केलं. पण शिक्षा चूक असेल तेवढीच असते की. उशीर झाला, अर्धा दिवस काप. घर-दार, जनावर कशाला काढून घेतोस? आणि गाईनं काय केलं होतं? तिचा तर एक पण लेट नव्हता.”

“अण्णा, भीती असल्याशिवाय खेळात मजा येत नाही, असं त्या कंपनीचं मत आहे.”

“आणि एक सांग. ह्या गावात दुसरी माणसं दिसतात. बाजारात भेटतात, नमस्कार करतात. एक माणूस शेतात पडला तर कुणी बघायला येत नाही? त्याची गाय हंबरत असली तर शेजारी येऊन धार काढत नाही? असलं कसलं गाव बांधलंत रे तुम्ही?”

आम्ही सगळे हुशार लोक होतो, विहिरीच्या पाण्याला लाटा आणण्यात आमचे तीन आठवडे गेले होते. शेजारी कुणाच्याच ध्यानात आला नव्हता.

“मग काय करायचं म्हणता?”

अण्णांकडे तोडगा तयार होता. “पडला तर पडू दे. दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्या घरात उठू दे. अर्धी रजा कापली. धार शेजाऱ्यानं काढली. दूध शेजाऱ्याला. फुकट कशाला करेल तो? सरी.”

मी हे ऑफिसात सांगितलं तेव्हा बॉस हसला. मग त्यानं परदेशात फोन लावला आणि तिकडचा माणूसही हसला. पण हसता हसता म्हणाला की उद्या सकाळपर्यंत तसं करून दाखवत असाल तर बघू, नाहीतर परवा आहे तसा खेळ आम्ही पक्का करतोय. म्हणजे रात्रभर ऑफिसात बसणं आलं. आणि माझ्या नावावर दोन लेट होते. एक माझ्या आळसाचा, एक हेब्बाळच्या बसचा.

ती खोली मला सोडायची नव्हती. ही गोष्ट अण्णांना कधी सांगितली नाही, पण नियमांना शिव्या घालत मी त्या घरात रमलो होतो. अक्कांच्या हातची कॉफी, तळ्यावरून येणारं वारं आणि साडेआठला आपण घरी आलोय की नाही हे पाहणारं कुणीतरी. परक्या गावात ही तिसरी गोष्ट सहज मिळत नाही. मी संध्याकाळी सात वाजता फोन केला.

“अण्णा, आज रात्री येणं जमत नाही. तुमच्या चौदा नंबरचंच काम आहे.”

अण्णा म्हणाले, “फोनवर हजेरी लागत नाही. सरी.” आणि फोन ठेवला.

रात्रभर मी शेजारी घडवला. त्याला टक्कल दिलं, हातात बादली दिली. पहाटे तिकडच्या माणसानं खेळ चालवून पाहिला, आपला शेतकरी मुद्दाम दोनदा पाडला, दोनदा त्याला दुपारी उठताना बघितलं आणि ठीक आहे म्हणाला. मला आनंद व्हायला हवा होता. पण पहिल्या बसमध्ये बसलो तेव्हा डोक्यात एकच विचार होता, की माझी ट्रंक आता फाटकाबाहेर असेल आणि अण्णा रिक्षावाल्याशी भाड्याची घासाघीस करत असतील.

फाटकाबाहेर ट्रंक नव्हती. अण्णा होते. फाटकाशेजारच्या दगडी कट्ट्यावर, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून बसले होते. शेजारी ना पेपर, ना कॉफीचा पेला.

“अण्णा, बाहेर का बसलात?”

“अर्धा दिवस कापलाय.”

“कुणाचा?”

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग खिशातलं. “आत जा तू. तुझी हजेरी लागलेली आहे.”

मला काही कळलं नाही. आत गेलो. फळ्यावर सात नंबरचा बिल्ला वरच्या ओळीत, ‘आत’च्या खिळ्यावर लटकत होता. काल सकाळी माझ्या हातानं तो मी खाली लावला होता.

स्वयंपाकघराच्या दारात अक्का पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. हसत होत्या की रडत होत्या ते सांगता येणार नाही, मला वाटतं दोन्ही. “काल साडेआठला फळ्यासमोर उभे राहिले,” त्या म्हणाल्या. “किती वेळ उभे. मी इथनं बघत होते. मग इकडं-तिकडं बघितलं, चोरासारखं, आणि लावला की बिल्ला वर! आणि आज सकाळी उठून स्वतःला शिक्षा केली. कॉफी पण नको म्हणाले. आता माझ्या भावाला फोन लावते बघ. त्याला हे सांगितल्याशिवाय मला अन्न जाणार नाही.”

मी कॉफीचा पेला घेऊन बाहेर आलो आणि कट्ट्यावर त्यांच्या शेजारी बसलो. पेल्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्यांचं नाक तेवढं बघत होतं.

“अण्णा, माझा बिल्ला कुणी लावला?”

“मला काय ठाऊक?” ते रस्त्याकडे बघत म्हणाले. “कुणी शेजाऱ्यानं लावला असेल.”

मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण अण्णा रजेवर होते, रजेवरच्या माणसाला नमस्कार चालतो की नाही याची खात्री नव्हती. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. दूधवाला सायकल घेऊन आला, वेळेवर आला होता, तरी अण्णांना फाटकाबाहेर बसलेलं बघून बिचारा सवयीनं बाजूला उभा राहिला.

अण्णांनी त्याला आत जायची खूण केली आणि माझ्याकडे वळले.

“चौदा नंबरचं काय झालं?”

“शेजारी येऊन धार काढतो अण्णा. मी बघून आलोय.”

“आणि दूध?”

“तोच ठेवून घेतो.”

“सरी,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी दोन्ही घड्याळं पुन्हा एकदा बघितली. बारा वाजायला अजून खूप अवकाश होता.